बर्ना बॉयचा ताठा आणि त्याच्या पाठीमागची बंदूक

नोव्हेंबर २०२५ मध्ये भाच्याने माझ्यासमोर मोबाईल धरला. "मामा, हा बघ तुझा बर्ना बॉय." अमेरिकेत डेन्व्हरजवळ रेड रॉक्स नावाचं खुलं नाट्यगृह आहे, लालसर खडकांच्या दोन उंच कड्यांमध्ये बसवलेलं. कार्यक्रम रंगात आलेला असताना नायजेरियाच्या या गायकाची नजर पुढच्या भागातल्या एका बाईवर जाते. तिला झोप लागलेली. गाणं थांबतं. तिच्या सोबतच्या माणसाला तो सांगतो, हिला घरी घेऊन जा, तोवर पुढचं गाणं होणार नाही. पुढे त्या बाईने सांगितलं की ती दुःखात होती, तिच्या मुलीच्या वडिलांचा मृत्यू झाला होता. जगभर गदारोळ उठला, दौऱ्यातले काही कार्यक्रम रद्द झाले. भाच्याने विचारलं, "एवढा माज? आणि तू याची गाणी ऐकतोस?"

आपल्याकडे बर्ना बॉयचं नाव घरोघरी पोचलं ते सिद्धू मूसेवालामुळे. मूसेवालाच्या हत्येनंतर, एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या 'मेरा ना' या गाण्यात बर्ना बॉयचा आवाज आहे. त्याच सुमारास नायजेरियाच्याच रेमा या गायकाचं 'काम डाउन' आपल्या लग्नाच्या वरातींत आणि रील्समध्ये वाजत होतं, आणि रेमा स्वतः मुंबईत येऊन गाऊन गेला होता. त्यामुळे या वादात आता मराठी पोरंही हिरिरीने उतरतात. एक बाजू म्हणते माणूस माजोरडा आहे, त्याच्यावर बहिष्कार घाला. दुसरी म्हणते मोठे कलाकार असेच असतात, गाणं ऐका आणि सोडून द्या. दोन्ही बाजूंचं भांडण एकाच गोष्टीवर चाललेलं असतं, त्याच्या स्वभावावर. स्वभावावर भांडलं की निकाल कधीच लागत नाही, कारण ज्याला तो आवडतो त्याला तो स्वाभिमान दिसतो आणि ज्याला आवडत नाही त्याला मग्रूरी.

माझं म्हणणं असं आहे की ताठा कुणाकडे तोंड करून उभा आहे ते आधी पाहिलं पाहिजे. आपल्यापेक्षा बलवान असलेल्यांसमोर बर्ना बॉयने दाखवलेला ताठा मला न्याय्य वाटतो; त्याच्या गाण्याची निम्मी ताकद त्यातच आहे. तिकीट काढून आलेल्या, आपल्यापेक्षा दुबळ्या माणसासमोर दाखवलेला ताठा चूक आहे, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण या दोन्हींपेक्षा मोठा प्रश्न तिसराच आहे, आणि तो या गदारोळात कुणी विचारत नाही: पोलिसांच्या जुलमावर गाणारा हा माणूस त्याच पोलिसांच्या बंदुकांच्या पहाऱ्यात का फिरतो?

पहिल्या ताठ्याची गोष्ट समजून घ्यायची तर थोडं मागे जावं लागेल. दामिनी एबुनोलुवा ओगुलू हे त्याचं खरं नाव, जन्म २ जुलै १९९१, गाव पोर्ट हारकोर्ट. या शहराचं नावच एका ब्रिटिश वसाहतमंत्र्याचं आहे. एनुगूच्या खाणींतला कोळसा बोटींवर चढवायला इंग्रजांनी ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वसवलं. पुढे तेल सापडलं आणि ते नायजेरियाच्या तेलाची राजधानी बनलं. आज तिथल्या लोकांच्या खिडक्यांच्या गजांवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर, पायांच्या तळव्यांवर काळी काजळी बसते. बर्ना बॉयचं २०२२ चं 'व्हिस्की' हे गाणं याच काजळीवर आहे. तेलाने नासवलेल्या, नायजर नदीच्या मुखाजवळच्या या प्रदेशासाठी लढणारे लेखक केन सारो-विवा यांना लष्करी राजवटीने १० नोव्हेंबर १९९५ रोजी याच शहरात फाशी दिली. तेव्हा दामिनी चार वर्षांचा होता.

त्याच्या आईचे वडील बेन्सन इडोनिजे हे रेडिओवरचे जुने जाणकार निवेदक. साठच्या दशकात, गायक-वादक फेला कुटी अजून जगाला माहीत नव्हता तेव्हा, त्याच्या 'कूला लोबिटोस' या वाद्यवृंदाची व्यवस्था तेच पाहत. फेलाने पुढे जॅझ, हायलाइफ हे पश्चिम आफ्रिकेतलं नाचाचं संगीत आणि योरुबा समाजाचे ताल एकत्र मिसळून जे उभं केलं ते आफ्रोबीट. आजचं नाचाचं, नव्या पिढीचं संगीत ते आफ्रोबीट्स. शेवटच्या एका अक्षराचा फरक, पण त्या फरकात पन्नास वर्षं मावली आहेत. आई बोसे ओगुलू बहुभाषक, पूर्वी दुभाषी म्हणून काम केलेली, आणि आता मुलाची व्यवस्थापक. २०१९ मध्ये मुलाच्या वतीने अमेरिकेतला बीईटी हा काळ्या कलावंतांसाठीचा पुरस्कार घेताना ती मंचावरून म्हणाली होती की प्रत्येक काळ्या माणसाने लक्षात ठेवावं, तुम्ही दुसरं काहीही होण्याआधी आफ्रिकी होतात. ज्या घरात असं बोललं जातं त्या घरातल्या मुलाकडून नम्रतेची अपेक्षा करणाऱ्यांचं मला नवल वाटतं.

आता ते गाजलेलं पोस्टर. जानेवारी २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोचेला महोत्सवाच्या कलाकारांची यादी जाहीर झाली. पोस्टरवर वरच्या ओळीत ठसठशीत नावं, आणि खाली खाली जाताना अक्षरं बारीक होत जाणारी. बर्ना बॉयचं नाव त्या बारीक अक्षरांत होतं. त्याने जाहीरपणे लिहिलं, मी आफ्रिकेचा महाकाय आहे, तुमच्या त्या चिमुकल्या अक्षरांत मी मावणार नाही. हसू झालं. अमेरिकेत अजून कुणी ओळखत नाही आणि हा स्वतःला महाकाय म्हणवतोय, असं नायजेरियातलेही बरेच जण म्हणाले. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने तोच शब्द अल्बमचं नाव म्हणून वापरला, 'आफ्रिकन जायंट'. चार वर्षांनी, २०२३ च्या कोचेलाच्या पोस्टरवर त्याचं नाव वरच्या ओळींत सरकलं होतं.

अक्षरांच्या आकारावरून एवढा तमाशा कशाला, हा आक्षेप वरवर योग्य वाटतो. पण आफ्रिकी संगीतात नाव छापलं जाणं ही किती महागात पडलेली गोष्ट आहे हे पाहा. १९३९ मध्ये जोहान्सबर्गच्या एका स्टुडिओत सॉलोमन लिंडा नावाच्या झुलू गायकाने 'म्बुबे' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं आणि त्याचे हक्क जेमतेम दहा शिलिंगांना दिले. तीच चाल पुढे अमेरिकेत 'द लायन स्लीप्स टुनाइट' म्हणून गाजली, डिस्नेच्या सिंहाच्या चित्रपटात गेली, कोट्यवधींनी गुणगुणली. लिंडा १९६२ मध्ये दारिद्र्यात मेला. त्याच्या मुलींना तडजोडीचे पैसे मिळाले ते २००६ मध्ये, तेही खटला गुदरल्यावर. कॅमेरूनच्या मनू दिबांगोच्या १९७२ च्या 'सोल माकोसा'मधली अक्षरं मायकल जॅक्सनने उचलली तेव्हा दिबांगोला कोर्टाची पायरी चढावी लागली. नायजेरियाचा किंग सनी अडे याला ऐंशीच्या दशकात आयलंड या कंपनीने मोठ्या आशेने पाश्चात्त्य बाजारात उतरवलं, आणि दोन-तीन अल्बममध्ये अपेक्षेइतका खप झाला नाही म्हणून सोडून दिलं. ज्यांच्या बापजाद्यांचं नाव पोस्टरवर कुठेच नव्हतं त्यांनी अक्षरांचा आकार मोजला तर त्याला क्षुल्लक म्हणायचं?

आणि या हट्टाचा परिणामही झाला. जानेवारी २०२० मध्ये 'आफ्रिकन जायंट'ला ग्रॅमी मिळालं नाही. ते बेनिनच्या गायिका अँजेलिक किडजो यांना मिळालं. त्यांनी मंचावरून तो पुरस्कार बर्ना बॉयला अर्पण केला आणि म्हणाल्या की आफ्रिकेकडे पाहण्याची जगाची नजर हे तरुण बदलत आहेत. त्याच वर्षाच्या अखेरीस ग्रॅमीवाल्यांनी 'वर्ल्ड म्युझिक' हे आपल्या वर्गाचं नाव टाकून दिलं, कारण त्याला वसाहतवादाचा वास येतो अशी तक्रार होती. एका बाजूला अमेरिकेचं संगीत, आणि दुसऱ्या बाजूला उरलेलं सगळं जग एका टोपलीत. आपल्या शास्त्रीय संगीतालाही कैक वर्षं त्याच टोपलीत ठेवलं होतं, म्हणून हा मुद्दा मला परका वाटत नाही. मार्च २०२१ मध्ये बर्ना बॉयच्या 'ट्वाइस ॲज टॉल'ला नव्या नावाच्या वर्गात ग्रॅमी मिळालं. एप्रिल २०२२ मध्ये त्याने न्यूयॉर्कचं मॅडिसन स्क्वेअर गार्डन गाजवलं, जून २०२३ मध्ये लंडन स्टेडियम. हे सगळं त्याच्या एकट्याच्या ताठ्याने झालं नाही, पण मान खाली घालून झालं असतं असंही मला वाटत नाही.

इथे विरोधकांचा एक मुद्दा मी पूर्णपणे मान्य करतो. ऑगस्ट २०२३ मध्ये एका मुलाखतीत त्याने म्हटलं की आफ्रोबीट्समधलं बहुतेक संगीत कशाबद्दलच नसतं, त्यात सत्त्व नसतं. नायजेरियात संताप उसळला आणि तो रास्त होता. ज्या बाजारात रोज वीज जाते, जिथे जनरेटरच्या घरघरीत शिंपी आणि न्हावी आपली दुकानं चालवतात, तिथे संध्याकाळी चार मिनिटं पाय हलवायला लावणारं गाणं कशाबद्दलच नसतं हे कोणी ठरवलं? तमाशातल्या लावणीवर आणि कोळीगीतांवर आपल्याकडेही असेच शिक्के मारले गेले आहेत, आणि ते मारणारे बहुधा नाचायची गरज नसलेले होते. शिवाय स्वतः बर्ना बॉयची सगळ्यांत गाजलेली गाणी पाहिली तर 'ये' काय किंवा 'लास्ट लास्ट' काय, नाचत रडण्याचीच गाणी आहेत. (टोनी ब्रॅक्स्टनच्या जुन्या गाण्याचा तुकडा वापरला म्हणून 'लास्ट लास्ट'च्या मानधनातला साठ टक्के वाटा तिला जातो, असं त्यानेच सांगितलं आहे. लिंडाच्या दहा शिलिंगांशेजारी हा आकडा ठेवून पाहावा.) तेव्हा त्या दिवशी त्याचा ताठा वर पाहत नव्हता. आपल्याच आळीतल्या, आपल्यापेक्षा कमी नाव असलेल्या पोरांकडे पाहत होता.

रेड रॉक्सची ती झोपलेली बाईही याच रांगेत बसते. २०२३ च्या पहिल्याच रात्री नायजेरियातल्या लागोस शहरात त्याचा कार्यक्रम होता. लोक तासन् तास ताटकळले, तो अपरात्री मंचावर आला, आणि मंचावर चढून जवळ आलेल्या एका चाहत्याला त्याने लाथ मारल्याचं चित्रीकरण सगळ्यांनी पाहिलं. त्याच्या बाजूने बोलणारे सांगतात की मंचावर कुणी अचानक धावून आलं तर भीती वाटतेच, आणि कलाकारालाही समोर झोपलेला माणूस पाहून वाईट वाटू शकतं. दोन्ही खरं आहे. आपल्याकडेही मैफलीत कुणी बोलत बसलं म्हणून गाणं थांबवणारे बुजुर्ग झाले आहेत आणि त्यांच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. पण गाणं थांबवून शांतता मागणं वेगळं, आणि एका माणसावर हजारो डोळे वळवून त्याला बाहेर काढायला लावणं वेगळं. बलाढ्य महोत्सवाला ठणकावणारा माणूस आणि एका थकलेल्या बाईला ठणकावणारा माणूस एकच असेल, पण कृत्यं दोन आहेत. पहिल्याला टाळ्या वाजवणाऱ्याने दुसऱ्यालाही वाजवल्याच पाहिजेत असं कुठे आहे?

इथपर्यंत बरेच वाचक माझ्याशी सहमत होतील. खरा मतभेद यापुढे आहे.

बर्ना बॉयवर टीका करणारे फेलाचं नाव घेतात. फेला असता तर असं वागला नसता, म्हणतात. हा युक्तिवाद कच्चा आहे, कारण तो फेलाला देव्हाऱ्यात बसवून करावा लागतो. फेलाने १९७८ मध्ये एकाच दिवशी सत्तावीस बायकांशी लग्न केलं. 'लेडी' या गाण्यात त्याने शिकलेल्या, बरोबरी मागणाऱ्या आफ्रिकी बाईची टर उडवली. एड्स हा रोगच तो मानत नव्हता. ऑगस्ट १९९७ मध्ये तो गेला तेव्हा त्याचे भाऊ ओलिकोये रॅन्सम-कुटी, देशाचे माजी आरोग्यमंत्री, यांनी मृत्यूचं कारण एड्स असल्याचं जाहीरपणे सांगितलं, जेणेकरून लोकांनी तरी ते खरं मानावं. त्या भावाचं धैर्य मला फेलाच्या कुठल्याही गाण्याइतकंच मोठं वाटतं. तेव्हा 'बोले तैसा चाले' ही कसोटी लावली तर फेलाही तिच्यात बसत नाही. ती कसोटी गायकाला लावूच नये, संताला लावावी.

मग फेलाचं कोणतं माप लावायचं? १८ फेब्रुवारी १९७७ ला सुमारे हजार सैनिकांनी त्याच्या घरावर, 'कलाकुटा रिपब्लिक' नाव दिलेल्या त्या वाड्यावर, हल्ला केला. सैनिकांना हुकमाचे ताबेदार म्हणून हिणवणारं त्याचं 'झोम्बी' हे गाणं तेव्हा गल्लोगल्ली वाजत होतं. घर जाळलं. फेलाला बेदम मारलं. त्याच्या आईला, सत्तरी ओलांडलेल्या फुनमिलायो रॅन्सम-कुटी यांना, वरच्या मजल्याच्या खिडकीतून फेकलं. ही तीच बाई, जिने चाळीसच्या दशकात अबेओकुटाच्या बाजारातल्या हजारो बायका कराविरुद्ध उभ्या केल्या आणि १९४९ मध्ये तिथल्या राजाला सिंहासन सोडायला लावलं. पुढच्या वर्षी त्या गेल्या. सरकारी चौकशीने निष्कर्ष काढला की हे कृत्य अज्ञात सैनिकाचं. फेलाने आईची शवपेटी नेऊन राष्ट्रप्रमुखाच्या लष्करी निवासाच्या दारात ठेवली आणि त्यावर गाणं केलं, 'अज्ञात सैनिक' या शब्दांवरही गाणं केलं.

म्हणजे फेलाच्या वारशात बायकांबद्दलचे विचार घेण्यासारखे नाहीत, आरोग्याबद्दलचे तर मुळीच नाहीत. पण एक गोष्ट त्यात अस्सल आहे: हातात बंदूक असलेला सरकारी माणूस कोण आहे, कुणाच्या हुकमाने उभा आहे, हे त्याने नाव घेऊन विचारलं आणि त्याची किंमत घरच्या माणसाच्या जिवाने मोजली. बर्ना बॉय स्वतःला या वंशातला म्हणवतो. 'ये'मध्ये फेलाच्या ओळींचा प्रतिध्वनी आहे, कित्येक गाण्यांत फेलाची पितळी वाद्यं आहेत, आजोबांचं नातं तर आहेच. वारसा सांगितला की त्याबरोबर कर्जही येतं. रेमाने किंवा दुसऱ्या कुणी फेलाचं नाव न घेता नाचाची गाणी केली तर त्यांच्याकडे मी हे कर्ज मागणार नाही. बर्ना बॉयकडे मागेन.

आणि एकदा त्याने ते फेडलंही आहे, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं अन्यायाचं होईल. ऑक्टोबर २०२० मध्ये नायजेरियात सार्स या पोलीस पथकाविरुद्ध तरुण रस्त्यावर आले. १९९२ मध्ये दरोडेखोरांना पकडायला उभारलेलं हे पथक पुढे तरुणांना गाडीतून उतरवून, मोबाईल तपासून, पैसे उकळून, मारून टाकण्यासाठी कुप्रसिद्ध झालं होतं. ८ ऑक्टोबरला लागोसमध्ये फाल्झ आणि रनटाउन हे गायक मोर्च्यात पुढे होते. बर्ना बॉय सुरुवातीला गप्प राहिला म्हणून त्याच्यावर टीका झाली. मग देशभर त्याने लावलेले मोठे फलक दिसले, मदतनिधी उभा राहिला. २० तारखेच्या रात्री लेक्की टोलनाक्यावर तरुण राष्ट्रध्वज धरून राष्ट्रगीत गात बसले होते. सैनिकांनी गोळ्या झाडल्या. लष्कराने आधी आपण तिथे होतो हेच नाकारलं. वर्षभराने लागोसच्या न्यायिक चौकशी मंडळाने म्हटलं की जे घडलं त्याला हत्याकांड म्हणता येईल. राज्य सरकारने मृत्यूंबाबतचे निष्कर्ष फेटाळले. त्रेचाळीस वर्षांनी पुन्हा तोच अज्ञात सैनिक.

दहाच दिवसांत बर्ना बॉयचं गाणं आलं. नाव फक्त तारीख, '२० १० २०'. मी ते प्रथम ऐकलं तेव्हा कानात इयरफोन होते आणि रात्र होती. त्यात त्या नाक्यावरचे खरे आवाज आहेत, गोळ्यांचे आणि माणसांच्या ओरडण्याचे. ते आवाज सुरू झाले की गायक बाजूला होतो. मला गायकाची ही जागा सोडण्याची कृती फार मोठी वाटली. स्वतःला महाकाय म्हणवणारा माणूस त्या सेकंदांत अंधारात उभा राहतो आणि मेलेल्यांना बोलू देतो.

म्हणूनच जून २०२२ ची गोष्ट जास्त टोचते. लागोसच्या व्हिक्टोरिया आयलंडवरच्या एका नाइटक्लबपाशी रात्री गोळीबार झाला, माणसं जखमी झाली, आणि बर्ना बॉयच्या दिमतीला असलेल्या पाच पोलिसांना त्यांच्याच खात्याने अटक केली. गायकाने स्वतः गोळी झाडली असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की सार्सविरुद्धच्या गाण्याला दोन वर्षंही झाली नव्हती, आणि गाणाऱ्याच्या आजूबाजूला सरकारी बंदुकाच होत्या.

याला मिळणारं उत्तर वजनदार आहे. लागोस हे काही सुरक्षित शहर नाही. नायजेरियात खंडणीसाठी अपहरणं रोजची झाली आहेत, अंगावर सोनं आणि गाडीत पैसा असलेल्या माणसाने एकटं फिरावं असं कोण म्हणेल? सगळेच धनिक पोलीस ठेवतात, मंत्री ठेवतात, पाद्री ठेवतात, मग एका गायकावरच बोट का? हे मला पटतं. त्याने पहारा ठेवू नये, असं मी म्हणूच शकत नाही. मी पुण्यात बसून त्याच्या जिवावर उदार होणं हा उद्धटपणा होईल.

पण हेच उत्तर नीट वाचलं तर त्यातच खरा आरोप लपलेला दिसतो. सगळेच ठेवतात, म्हणजे काय? ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या मागे चार शिपाई फिरतात, आणि ज्या गावात शाळेतून पोरं पळवली जातात तिथे चौकीत कुणी नसतं. शिपायाचा पगार तुटपुंजा, राहायची जागा पडकी, त्यामुळे मोठ्या माणसाच्या गाडीमागे बसायला मिळणं हीच त्याला बढती वाटते. त्याची निष्ठा मग कायद्याशी राहत नाही, जेवू घालणाऱ्याशी राहते. सार्सचे शिपाई आणि क्लबच्या दारातले शिपाई एकाच कारखान्यात तयार होतात: वर्दी सरकारची, बंदूक सरकारची, आणि जाब विचारणारं कुणीच नाही. फेलाच्या 'झोम्बी'त हुकूम देणारा अधिकारी होता. आज हुकूम देणारा भाड्याने घेणाराही असू शकतो. या बदलावर गाणं करायला बर्ना बॉयइतका जवळचा साक्षीदार दुसरा कोण आहे?

२०२३ च्या 'आय टोल्ड देम' या अल्बममध्ये 'थँक्स' नावाचं गाणं आहे. माझ्या लोकांची मान उंच केली त्याचे हेच का आभार, असं तो त्यात विचारतो. गाणं उत्तम बांधलं आहे, तक्रार अगदीच खोटीही नाही. त्याच्याबद्दल आणि त्याच्या आईबद्दल घाणेरड्या अफवा उठवल्या गेल्या आहेत. पण सूर असा की सोसलं ते फक्त त्यानेच. '२० १० २०'मध्ये जागा सोडून बाजूला झालेला माणूस इथे सगळी जागा व्यापून बसतो. जे गोळी लागून पडतात त्यांना या गाण्यात आवाज मिळत नाही. माझी त्याच्यावरची सगळी नाराजी या दोन गाण्यांमधल्या अंतरात आहे. रेड रॉक्सच्या चित्रफितीत नाही.

कुणी म्हणेल, गायकाकडून किती मागणार? नाच करवतो, पैसे कमावतो, देशाचं नाव काढतो, पुरे झालं. मी सहज मान्य केलं असतं, जर त्याच्या अवतीभवती किंमत मोजणारे दुसरे कलावंत नसते. लेक्कीच्या रात्री मोबाईलवरून गोळीबार थेट दाखवणाऱ्या डीजे स्विचला देश सोडावा लागला. गायक एड्रिस अब्दुलकरीमचं 'जगा जगा' हे गाणं २००४ मध्ये रेडिओवरून बंद झालं तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी ओबासांजो होते, तेच जे कलाकुटा जळालं तेव्हा राष्ट्रप्रमुख होते. एप्रिल २०२५ मध्ये त्याच एड्रिसच्या नव्या गाण्यावर प्रसारण आयोगाने पुन्हा बंदी आणली. या लोकांना ना स्टेडियम मिळालं ना ग्रॅमी. ज्याला मिळालं, ज्याच्या एका शब्दावर लंडन आणि न्यूयॉर्कचे पत्रकार धावत येतात, ज्याला गप्प करणं कुठल्याही आयोगाला सोपं नाही, त्याच्याकडून जास्त मागायचं नाही तर कुणाकडून मागायचं? आणि तो हे करू शकतो याचा पुरावाही त्याच्याच अल्बमांत आहे. 'अनदर स्टोरी'त त्याने नाचणाऱ्या पोरांना सांगितलं की नायजेरिया हा देश मुळात एका कंपनीकडून ब्रिटिश सरकारने ८,६५,००० पौंडांना घेतलेला माल होता. 'मॉन्स्टर्स यू मेड'च्या शेवटी घानाच्या लेखिका अमा अता आयडू यांचा संतापलेला आवाज त्याने तसाच ठेवला. ज्याला १९०० सालचा सौदा गाण्यात मांडता येतो त्याला आपल्या गाडीमागच्या गाडीतला सौदा दिसत नाही, हे मी मानायला तयार नाही.

रेड रॉक्सची चित्रफीत जगभर फिरत होती त्याच नोव्हेंबरात, महिना संपत आला असताना, राष्ट्राध्यक्ष टिनुबू यांनी हुकूम काढला की बड्या असामींच्या दिमतीतले पोलीस काढून घ्या आणि त्यांना लोकांच्या रक्षणाला लावा. उत्तरेत शाळांवर हल्ले झाले होते, शेकडो मुलं पळवली गेली होती. असे हुकूम यापूर्वीही निघाले आहेत आणि कागदावर राहिले आहेत. एका झोपलेल्या बाईवर लाखो लोकांनी मत दिलं त्या दिवसांत या हुकमावर आफ्रोबीट्सच्या चाहत्यांची चर्चा मला शोधूनही फारशी सापडली नाही, आणि हा विषय तर त्यांच्या लाडक्या गायकाच्या गाडीच्या आरशात रोज दिसणारा.

भाच्याला मी एवढंच सांगितलं की गाणी मी ऐकत राहणार. त्याला '२० १० २०' लावून दिलं. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "मामा, हे गोळ्यांचे आवाज खरे आहेत?" मी हो म्हणालो. मग त्याने विचारलं, "आणि त्या क्लबच्या बाहेर झाडल्या त्यांचे?"

ते गाणं अजून यायचं आहे. डिसेंबरात लागोसमध्ये कार्यक्रमांची झुंबड उडते, परदेशातले नायजेरियन घरी येतात, रात्रभर गाड्यांचे ताफे पळत असतात. त्यातल्या एखाद्या ताफ्यात मागच्या उघड्या गाडीत एक शिपाई बसलेला असतो, मांडीवर बंदूक, डोळ्यांत झोप, घरी पैसे पाठवायचे राहिलेले. पुढच्या गाडीत बसलेल्या माणसाला त्याचं नाव माहीत असतं. अज्ञात सैनिक म्हणून तो लपू शकत नाही, कारण या वेळी त्याला ओळखणारा गायक समोरच बसला आहे.